सगळे दिवे एलईडी, मग बिल चढलं कुठून?

केतकीचं_बन

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या फ्लॅटचं काम नुकतंच उरकलं. हॉलमध्ये आधी एकच ट्यूब होती, चोक-स्टार्टरवाली, ४० वॅटची. आता फॉल्स सिलिंग झालंय. त्यात गोल डाउनलाइट १२, आणि कडेच्या खोबणीत चारी बाजूंनी एलईडी पट्टी. काम करणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं, "मॅडम, सगळं एलईडी आहे, बिल निम्म्यावर येईल." आलं ते बिल तीनशे युनिटची रेघ ओलांडून. एसी नाही, गीझर पूर्वीचाच, माणसंही तेवढीच. सासरे म्हणतात मीटर पळतोय, तक्रार कर. सोसायटीतले एक जण म्हणाले, ३०० च्या वर गेलात की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. यातलं खरं काय? आणि दिव्यांनी खरंच एवढी वीज खाल्ली असेल का?

तारखांब

आधी ते सोसायटीतल्यांचं. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. ३१० युनिट झाले तर वरचा दर फक्त शेवटच्या १० युनिटना. पहिले १०० अजूनही पहिल्याच दराने. मात्र तिसऱ्या टप्प्याचा दर चांगलाच चढा आहे, त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे रेघेच्या पलीकडचे थोडे युनिटही बोचतात.

आता दिवे. डाउनलाइट किती वॅटचे? पट्टी किती मीटर, आणि तिच्या रोलवर दर मीटरला किती वॅट छापलंय? हे दोन आकडे द्या, मग बोलू.

केतकीचं_बन

डाउनलाइट १२ वॅटचे. पट्टीचा उरलेला रोल माळ्यावर सापडला, त्यावर मीटरला १४.४ वॅट असं आहे. लावलीय साधारण १२ मीटर. संध्याकाळी सगळं मिळून पाचेक तास चालू असतं. सगळ्याला मिळून बटण एकच आहे.

तारखांब

मग उत्तर तुमच्याच हातात आहे.

डाउनलाइट १२ गुणिले १२, म्हणजे १४४ वॅट. पट्टी १२ गुणिले १४.४, म्हणजे १७३. ही पट्टी १२ व्होल्टवर चालते, २३० चे १२ करणारा ड्रायव्हर वर कुठेतरी सिलिंगमध्ये दडवलेला असतो, आणि तोही आपला वाटा उष्णतेत घालवतो. ड्रायव्हर बरा असला तरी पट्टीचे भिंतीतून ओढलेले वॅट २०० च्या आसपास धरा. एकूण ३४५. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. पाच तास, तीस दिवस: जवळजवळ ५२ युनिट.

जुनी ट्यूब ४० ची, तिच्या तांब्याच्या चोकचे आणखी १२ धरा, ५२ वॅट. तेवढ्याच तासांना महिन्याला ८ युनिटही होत नाहीत.

म्हणजे हॉलच्या उजेडापायी ४४ युनिट वाढले. मीटर ठीक आहे.

एलईडी वाईट म्हणून हे झालेलं नाही. उजेड मोजतात ल्यूमेनमध्ये. जुन्या ट्यूबचा २,५०० ल्यूमेनच्या आसपास असतो. तुमच्या नुसत्या डाउनलाइटचाच १२,००० च्या वर जातो, पट्टी वेगळीच. तेवढाच उजेड पिवळ्या बल्बने पाडायचा म्हटलं असतं तर हजारभर वॅट लागले असते. पण तेवढा उजेड हवा होता का, हे त्या काम करणाऱ्याने विचारलं नाही, आणि त्याला विचारायचं कारणही नव्हतं. त्याला नगामागे पैसे मिळतात.

शेंगदाण्याची_चटणी

१२,००० ल्यूमेन! हॉलमध्ये कॅरम खेळता की क्रिकेट? 😀

वायरमन_बापू

ताई, कागदावरच्या हिशोबावर विश्वास बसत नसेल तर मीटरलाच विचारा. मी गिऱ्हाइकाला हेच दाखवतो.

मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर बघा, ३२०० इंपल्स असं काहीतरी छापलेलं असेल, काहींवर १६०० नाहीतर ६४०० असतं. ३२०० चा अर्थ, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आता घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा, राऊटर, सेट टॉप बॉक्स, सगळं. फक्त हॉलचे दिवे ठेवा. एकाला खाली मीटररूममध्ये फोन घेऊन उभं करा. दोन लुकलुकण्यांत किती सेकंद जातात ते मोजायचं. ११२५ भागिले ते सेकंद, म्हणजे वॅट. १६०० चा मीटर असेल तर २२५० ला भागायचं.

साधा पंखा फुल्लवर असला तर पंधरा सेकंदांना एक लुकलुक येते. ९ वॅटचा एकच बल्ब लावला तर दोन मिनिटं उलटून जातात, उभा असलेला माणूस वैतागतो. तुमच्या हॉलला सव्वातीन सेकंदांना एक यायला पाहिजे. आणि सगळं बंद करूनही लुकलुकत असेल तर कुठेतरी काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर गळती आहे. मग इलेक्ट्रिशियन बोलवा, स्वतः बोर्ड खोलू नका.

निळावंती

वाखुसा (वाचनखूण साठवली)! हे शाळेत का शिकवलं नाही कोणी? किलोवॉट-अवरच्या गणितात मार्क मिळवले, मीटर कधी बघितला नाही.

आबा_सांगलीकर

बापूंच्या पोस्टवरून आठवलं. आमच्या वेळी मीटर तबकडीचा. काचेतून ॲल्युमिनियमची चकती गरगरताना दिसायची, तिच्या कडेला एक काळी खूण. देवघरात आणि न्हाणीघरात रात्रभर 'झिरो'चा बल्ब जळायचा, कोणाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण तो शून्य वॅटचा. प्रत्यक्षात तो १२ ते १५ वॅट ओढतो. जुनी चकती एवढ्याशा भाराला धड हलायची नाही, म्हणून त्याची नोंद व्हायची नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि त्यांनी झिरोचा बल्ब धरला. १५ वॅट, रात्रीचे नऊ तास, महिन्याला चार युनिट. दोन असतील तर आठ. आजही कितीतरी घरांत लाल नाहीतर हिरवा झिरो तसाच लटकतोय आणि वर हॉलमध्ये एलईडी लावल्याचं कौतुक चाललंय. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प मिळतो, तो आणा.

गोष्टीवेल्हाळ_पण_खरं

ट्यूबबद्दल एक सांगतो. लावताना ट्यूब भसकन वीज खाते, म्हणून दहा-पंधरा मिनिटांसाठी बाहेर जात असाल तर बंद करू नये. आमच्या वडिलांनी आयुष्यभर हेच पाळलं.

तारखांब

दादा, हे निम्मं खरं आहे. स्टार्टरच्या ट्यूबला लागताना प्रवाह जास्त लागतो, पण किती वेळ? स्टार्टरमधली द्विधातूची पट्टी तापून चिकटते, तेवढ्यात ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात, पट्टी सुटते, चोक धक्का देतो आणि आतला वायू पेटतो. सगळा खेळ दोन-चार सेकंदांचा. दुप्पट वीज धरली तरी ती काही सेकंदांच्या प्रकाशाएवढीच भरते. पंधरा मिनिटं चालू ठेवणं कधीच परवडत नाही.

खरं असलेलं निम्मं म्हणजे प्रत्येक वेळी लावताना टोकाच्या तारांवरचा लेप थोडा झडतो. टोकं काळी पडतात ती त्यानेच. म्हणजे सारखी लाव-बंद केली तर वाचते वीज आणि मरते ट्यूब. एलईडीला हा प्रश्नच नाही, खुशाल बंद करा.

माणदेशी

तुमचं सगळं २३० व्होल्ट धरून चाललंय. आमच्याकडे वस्तीवर संध्याकाळी १७० मिळाले तरी नशीब. तेव्हाचा ६० चा बल्ब आठवतोय, विस्तवातल्या निखाऱ्यासारखा लाल. वीज खायचा दोन-तृतीयांश आणि उजेड द्यायचा एक-तृतीयांश. ट्यूब तर लागायचीच नाही, नुसती फडफडायची, मग पोरगं स्टुलावर चढून स्टार्टर पिळायचं. भारनियमनाच्या काळात गावठाणाला सिंगल फेज दिली की सगळं गाव एकदम दिवे लावायचं आणि उरलेले व्होल्टही जायचे. अक्षय प्रकाश योजनेत गावकऱ्यांनी आपणहून ठरवलं, संध्याकाळी मोटारी आणि जड उपकरणं लावायची नाहीत, म्हणजे दिवे तरी राहतील. आमच्याकडे त्यावरून दोन भावांत बोलणं बंद झालं होतं, ते जाऊ द्या.

एलईडीने आमच्यासाठी केलं ते बिलाच्या आधी हे. बऱ्यापैकी ड्रायव्हर असेल तर १०० व्होल्टवरही तोच पांढरा उजेड, फडफड नाही. शहरात बसून याची किंमत कळायची नाही.

एकच ठिकाण आहे जिथे जुना बल्ब मी अजून लावतो, कोंबडीच्या पिल्लांच्या खुराड्यात. त्यांना उजेडापेक्षा ऊब पाहिजे असते, आणि बल्ब म्हणजे मुळात शेगडीच.

ओंटारिओकर

माणदेशी, तोच मुद्दा इथे थंडीत लागू होतो. पिवळ्या बल्बला दिलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता होते, प्रकाश जेमतेम पाच टक्के. कॅनडाच्या जानेवारीत ती उष्णता घरातच राहते, हीटरचं तेवढं काम कमी होतं. त्यामुळे दिवे बदलून हिवाळ्यात वाटतं तेवढं वाचत नाही. तुमच्या मे महिन्यात नेमकं उलट. एसीच्या खोलीत ६० चा बल्ब लावला तर आधी बल्बाचे पैसे, मग त्याची उष्णता बाहेर फेकणाऱ्या एसीचे पैसे.

निशाचर

यावर उपाय आहे. ऑनलाइन एक वीज-बचत यंत्र मिळतं, नुसतं प्लगमध्ये खोचायचं, हिरवा दिवा लागतो. पॉवर फॅक्टर सुधारतं म्हणे आणि ३० टक्के बिल कमी होतं. मामांनी घेतलंय.

तारखांब

मामांना सांगा, त्यात एक कपॅसिटर आहे आणि हिरवा दिवा. तो हिरवा दिवा तेवढा मामांच्या बिलात नक्की भर घालतो.

गंमत म्हणजे जाहिरातीत लिहिलेलं शास्त्र खोटं नसतं. चोकची ट्यूब प्रवाह घेते तो व्होल्टेजच्या मागे रेंगाळत, त्यामुळे तारेतून प्रवाह जास्त वाहतो आणि प्रत्यक्ष काम त्यातल्या काही भागाचंच होतं. पॉवर फॅक्टर वाईट म्हणतात तो हाच. कपॅसिटरने हे रेंगाळणं कमी होतं. स्वस्त एलईडी बल्बचा पॉवर फॅक्टरही वाईटच असतो. पण घरगुती मीटर पैसे लावतो ते फक्त प्रत्यक्ष खर्च झालेल्या किलोवॉट-तासांचे. रेंगाळणाऱ्या प्रवाहाचे तुमच्याकडून वेगळे पैसे घेतच नाहीत, मग वाचणार काय? कारखान्याची गोष्ट निराळी, तिथे वाईट पॉवर फॅक्टर बिलात दिसतो.

निशाचर

मामांना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून ऐकणार नाहीत.

मुक्ता_नाशिक

थोडं विषयांतर, पण दिव्याचंच. जिन्यातला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही मंद जळत राहतो, कधी दर दहा सेकंदांनी चमकतो. आईला वाटतं काहीतरी आहे जिन्यात. वीज जाते का त्यात?

वायरमन_बापू

आईंना सांगा, घाबरू नका, भूत एवढं नियमित नसतं.

कारणं तीन असतात. एक, बटणावर बारीक लाल इंडिकेटर असेल तर बटण बंद असताना त्या इंडिकेटरमधून किंचित प्रवाह बल्बपर्यंत जातो. बल्बच्या आतला कपॅसिटर हळूहळू भरतो, भरला की चमकतो, परत रिकामा. जुन्या बल्बलाही तो प्रवाह जायचा, पण तेवढ्याने त्याची तार तापायची नाही, म्हणून कळायचं नाही. दोन, जिन्याला खाली-वर दोन बटणं असतात, वायरी लांबवर शेजारून गेलेल्या असतात, एकीचा परिणाम दुसरीत उतरतो. या दोन्हींत वीज जाते ती नगण्य.

तिसरं कारण मात्र बघून घ्या. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजवर (करंट येणाऱ्या वायरवर) न देता न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) दिलेलं असतं. मग बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये फेज बसूनच राहतो. बटण बंद आहे म्हणून बल्ब बदलायला हात घातला आणि बोट आत लागलं तर संपलं. जुन्या चाळींत आणि घाईत उरकलेल्या नव्या बांधकामांतही मला हे सर्रास सापडतं. बोर्डात दोन वायरींची अदलाबदल करून काम भागत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, पण ते जाणकाराकडूनच, मेन बंद करून.

शेंगदाण्याची_चटणी

बापू, आता एलईडी वर्षभरात का जातात तेही सांगा. डब्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. माझा एक तर गॅरंटी संपली त्याच आठवड्यात गेला.

वायरमन_बापू

गेलेल्या बल्बची वरची प्लॅस्टिकची टोपी फिरवून काढा. आत गोल ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पिवळे ठिपके असतात. नीट बघितलंत तर त्यातल्या एकावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसेल. तो एक गेला म्हणून अख्खा बल्ब गेला, कारण सगळे एकामागे एक साखळीत जोडलेले. बाकीचे धडधाकट असतात. पूर्वीच्या दिवाळीच्या माळेत एक दाणा उडाला की सगळी माळ विझायची, तेच हे.

डाग कुठेच दिसला नाही तर ड्रायव्हर गेला. त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. आणि उष्णता कुठून, तर आपण तो बल्ब बंद काचेच्या गोळ्यात कोंबतो नाहीतर सिलिंगच्या भोकात. एलईडी पुढून गार लागतो, पण तापतो बुडाशी, ती ऊब बाहेर पडायला हवा लागते. स्वस्त मालात बल्ब भडक दिसावा म्हणून ठिपके जास्त प्रवाहावर चालवतात. दुकानात छान दिसतो, वर्षात जातो.

निळावंती

'उजाला'चे बल्ब मात्र आमच्याकडे बरेच टिकले. ५ जानेवारी २०१५ ला ती योजना सुरू झाली, आमच्या इथे टेबल मांडून ९ वॅटचा बल्ब द्यायचे, ७० रुपयांना. सरकारी घाऊक खरेदीचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ वर आला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर खरेदी केली नसती तर आज दुकानात शंभराच्या आत बल्ब मिळाला नसता, असं मला वाटतं. सीएफएल मधल्या मध्ये मारले गेले. ते एक बरंच झालं, फुटले की आतल्या पाऱ्याची भीती असायची.

तारखांब

घरचे दिवे सगळे मिळून किती असतात याचा एक अंदाज ५ एप्रिल २०२० ला आला होता. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते, आठवतंय? देशाच्या ग्रिडवाल्यांनी धरलं होतं की मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल. उतरली ३१ हजारांहून जास्त. लोकांनी दिव्यांच्या बटणावर न थांबता बरंच काही बंद केलं असावं. एवढा भार मिनिटांत गेला आणि मिनिटांत परत आला, तो सांभाळला मुख्यतः जलविद्युत संचांनी, कारण कोळशाचं केंद्र असं झटकन वरखाली करता येत नाही. आपल्याकडे त्यासाठी कोयना.

आबा_सांगलीकर

त्या रात्री आमच्या गल्लीत थाळ्याही वाजल्या. त्या आधीच्या कार्यक्रमातल्या होत्या, पण लोकांना आवडल्या होत्या.

अर्धा_कप_चहा

मी जरा थंड पाणी ओततो. दिव्यांवर एवढी चर्चा, पण पंखा? जुना पंखा ७५ वॅट, रोज १२ तास, महिन्याला २७ युनिट. तीन पंखे म्हणजे ८१. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटारीचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद करूनही दिवसरात्र १० वॅट ओढत असेल तर महिन्याला ७ युनिट होतात, म्हणजे ताईंच्या जुन्या ट्यूबएवढेच. २,००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास, ३० युनिट. साधा हॉल असलेल्या घरात दिव्यांच्या मागे लागून आता फारसं हाती लागत नाही. ताईंचा हॉल साधा नाही, एवढंच.

केतकीचं_बन

सगळ्यांचे आभार. काल सासऱ्यांना मीटररूममध्ये उभं केलं आणि मी वर. फोनवर ते "आता… आता… आता" असं म्हणत होते. तीन सेकंदांच्या किंचित वर येतंय. त्यामुळे मीटर निर्दोष सुटला आणि सासऱ्यांना नवा छंद लागला, आज सकाळी मिक्सर मोजला.

आता प्रश्न असा की सगळं एका बटणावर आहे ते कसं सोडवू? सिलिंग परत फोडायचं नाही. पट्टीसाठी एक रिमोटचा डिमर सुचवलाय कोणी, पट्टी आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये बसतो म्हणे.

वायरमन_बापू

तसा डिमर चालतो, आणि पट्टी निम्म्यावर ठेवलीत तर वीजही साधारण निम्मी लागेल. पण रिमोटने पट्टी पूर्ण बंद केली तरी ड्रायव्हर मागे चालूच राहतो, एखादा वॅट ओढत आणि गरम होत. रोज विझवायची असेल तर ड्रायव्हरला येणारा फेजच बटणावर घ्या.

सिलिंग फोडायला लागत नाही. डाउनलाइट स्प्रिंगवर बसलेले असतात, दोन काढले की त्या भोकातून हात जातो. बोर्डापासून वर गेलेल्या नळीत एक जादा वायर ओढायची, म्हणजे पट्टी एका बटणावर आणि डाउनलाइट दुसऱ्यावर. नळीत जागा असेल तर तिसरी वायरही ओढून घ्या, म्हणजे डाउनलाइट चार आणि आठ असे वाटता येतील. टीव्ही बघताना चार पुष्कळ होतात. बोर्डात रिकामी खिडकी आहे का बघा आणि बोर्डाचा एक फोटो टाका. नसेल तर मोठी पेटी लागेल, मग भिंत थोडी कोरावी लागते आणि रंगाचा खर्च येतो.

केतकीचं_बन

एक खिडकी रिकामी आहे, फोटो संध्याकाळी टाकते. ड्रायव्हर नेमका कुठल्या कोपऱ्यात ठेवलाय हे काम करणाऱ्यालाच विचारावं लागेल, तो फोन उचलत नाहीये.

वायरमन_बापू

पट्टी तासभर चालू ठेवा आणि सिलिंगला खालून हात लावत फिरा. जिथे कोमट लागेल तिथे आहे.